मदत हवी आहे : योएल आणि रोमकरांस पत्र यांतला नावाचा धागा मराठीत कसा दाखवावा?

बायबल अभ्यासवर्गासाठी देवाच्या नावांवर टिपण तयार होत आहे. मराठी बायबलात साधारणपणे हिब्रूतल्या एलोहीमला ‘देव’, अदोनायला ‘प्रभू’ आणि योद-हे-वाव-हे या चार अक्षरी नावाला ‘परमेश्वर’ म्हटलं आहे. जुन्या करारापुरतं हे छान चालतं. पुढे नव्या करारात मात्र गाडं अडतं.

जुन्या करारातल्या योएल या पुस्तकात, २:३२ मध्ये, ‘परमेश्वराच्या’ नावाचा धावा आहे. (हिब्रू प्रतीत हे वचन ३:५ आहे, शोधताना हमखास चुकतं.) नव्या करारातल्या रोमकरांस पत्रात, १०:१३ मध्ये, प्रेषित पौल तेच वचन घेतो, पण तिथे मराठीत ‘प्रभू’ येतं. कारण सेप्टुआजिंट या जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात चार अक्षरी नावाच्या जागी ‘किरियॉस’ (प्रभू) आहे, आणि अदोनायसाठीही बहुधा तोच शब्द. परमेश्वराबद्दलचं हे वचन पौल येशूला लावतो, हा सगळा जोर मराठी वाचकाच्या हातून निसटतो.

‘यहोवा’ लिहावं का? मला ते पटत नाही. त्यात व्यंजनं नावाची आणि स्वर अदोनायचे. ते स्वर वाचकाने त्या नावाऐवजी ‘अदोनाय’ म्हणावं म्हणून घातलेले होते.

दुसरी अडचण निर्गम ३ ची. तिथे देव मोशेशी बोलताना वचन १२ मध्ये ‘एह्ये’ या हिब्रू रूपाचं भाषांतर ‘असेन’, दोनच वचनांनंतर तेच रूप ‘आहे’ होतं. ‘मी जो असेन तो असेन’ हे सोबतीचं वचन म्हणून जास्त जवळचं वाटतं.

तळटीप द्यावी, की ‘प्रभू’ वेगळ्या ठशात छापावा? कुणी असं टिपण केलं असेल तर नमुना दाखवा.