एकाच वेबकॅमने गुरूचे चित्रण आणि गायडिंग, दोन्ही साधता येईल का?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार. माझ्याकडे १५० मिलिमीटर व्यासाची आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची न्यूटोनियन दुर्बीण आहे. ती विषुववृत्तीय माउंटवर बसवलेली असून मोटर फक्त विषुवांश (पूर्व-पश्चिम) अक्षाला आहे. घरातला एक जुना ७२० रेषांचा वेबकॅम उघडून मी त्याचे भिंग काढले. द्राक्षबागेच्या कामातून उरलेल्या ३२ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपाचा तुकडा पॉलिश पेपरने घासत घासत सव्वा इंची फोकसरमध्ये बसेल इतका बारीक केला आणि त्यावर वेबकॅमची पट्टी चिकटवली. चंद्राची विवरे पहिल्याच रात्री सुरेख दिसली. गुरू मात्र पांढऱ्याशुभ्र ठिपक्यासारखा येतो. उपग्रह दिसतात, पण पट्ट्यांचा मागमूस नाही.

दुसरी अडचण गायडिंगची, म्हणजे चित्रण चालू असताना एका ताऱ्यावर लक्ष ठेवून माउंटची चूक सतत सुधारत राहण्याची आहे. मृगातील तेजोमेघाचे चित्रण डीएसएलआरने करावे आणि गायडिंगसाठी हाच वेबकॅम दुसऱ्या लहान दुर्बिणीला लावावा, असा विचार होता. परंतु पीएचडी-२ या गायडिंगच्या संगणक प्रणालीत पडदा काळाच राहतो आणि व्याधासारखा ठळक तारा सोडला तर काहीही दिसत नाही. शिवाय आमच्या गच्चीवरून ध्रुवतारा शेजारच्या इमारतीआड जातो, त्यामुळे ध्रुवाक्ष (माउंटचा पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवायचा अक्ष) मी होकायंत्रावरच लावतो. नवा कॅमेरा लगेच घेणे शक्य नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर (सातारा)

नमस्कार. आपल्या दोन अडचणींपैकी पहिली आज रात्रीच सुटण्यासारखी आहे. वेबकॅम बनवला जातो तो खोलीत बसलेल्या माणसाचा चेहरा दाखवण्यासाठी. चौकटीचा बहुतेक भाग काळा दिसला की त्याचे स्वयंचलित एक्स्पोजर आपण अंधारात आहोत असे गृहीत धरते आणि उजेड वाढवत नेते. त्यात गुरूचे बिंब जळून पांढरे होते. शार्पकॅप या चित्रणाच्या संगणक प्रणालीत एक्स्पोजर, गेन (सिग्नल वाढवण्याचे प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स यांचे ‘ऑटो’ बंद करावे आणि बिंब डोळ्यांना थोडे मंदच वाटेल इतपत एक्स्पोजर खाली आणावे. दोन मुख्य पट्टे तत्काळ दिसू लागतील.

आता बिंबाच्या आकाराविषयी. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घेऊन त्याला २०६ ने गुणले आणि नाभीय अंतराच्या मिलिमीटरने भागले की एका पिक्सेलवर किती आर्कसेकंद (अंशाचा ३६००वा भाग) पडतात ते कळते. आपल्या वेबकॅमचे पिक्सेल साधारण २.८ मायक्रॉनचे असावेत, म्हणजे दुर्बिणीच्या मूळ नाभीवर ०.४८ आर्कसेकंद. गुरूची प्रतियुती (सूर्याच्या नेमके विरुद्ध दिशेला येणे) १० जानेवारी २०२६ ची, आणि त्या सुमारास त्याचे बिंब सुमारे ४६ आर्कसेकंदांचे. म्हणजे चौकटीत त्याचा व्यास शंभरेक पिक्सेल भरेल. दुप्पट बार्लो (नाभीय अंतर वाढवणारे भिंग) लावल्यास तो दोनशेच्या जवळ जातो आणि १५० मिलिमीटर आरशाची क्षमता पुरेपूर वापरली जाते. त्याहून अधिक मोठे करण्यात अर्थ नाही, कारण प्रतिमा मंद होते आणि नवा तपशील काहीच मिळत नाही.

गुरू स्वतःभोवती ९ तास ५५ मिनिटांत फिरतो, म्हणून एक चित्रफीत दोन-तीन मिनिटांहून लांब नसावी. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तरी दोन मिनिटांत ३६०० फ्रेम मिळतात. त्यांतील हवा स्थिर असतानाच्या दहा-पंधरा टक्के फ्रेम ऑटोस्टॅकर्ट या प्रणालीने निवडून एकत्र कराव्यात आणि नंतर रेजिस्टॅक्स या प्रणालीत वेव्हलेट (तपशील धारदार करण्याची सोय) वापरावेत. वेबकॅम फ्रेम दाबून पाठवत असेल, तर फ्रेम कमी मिळाल्या तरी चालतील, पण न दाबलेली चित्रफीत घ्यावी; दाबलेल्या फ्रेम धारदार करायला गेल्यास बिंबावर चौकोनी ठिगळे उमटतात.

भिंगाबरोबर अवरक्त किरण अडवणारी लहान काचही निघून गेली असल्यास गुरूचे रंग विटके आणि लालसर दिसतील. सव्वा इंची यूव्ही-आयआर कट फिल्टर लावल्यास हा दोष जातो. या प्रतियुतीच्या काळात गुरू मिथुन राशीत असल्याने आपल्याकडे तो जवळजवळ माथ्यावरून जातो आणि तेव्हा त्याचा प्रकाश वातावरणाच्या सर्वांत पातळ थरातून येतो. हे भाग्य उत्तरेकडील देशांतील निरीक्षकांना मिळत नाही, म्हणून मध्यरात्रीची वेळ दवडू नये. मात्र सिमेंटची गच्ची दिवसभर तापलेली असते, आणि ती निवेपर्यंत प्रतिमा उकळत्या पाण्यासारखी हलते. त्यामुळे दुर्बीण दोन तास आधीच बाहेर काढून ठेवावी.

उत्तर (मिरज)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. गायडिंगविषयी थोडे लिहितो. साध्या वेबकॅमचे एक्स्पोजर फ्रेमच्या वेगाशी बांधलेले असते. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एका फ्रेमला १/३० सेकंदाहून अधिक वेळ मिळत नाही आणि वेग ५ फ्रेमवर आणला तरी १/५ सेकंदच हाती लागतो. गायडिंगला साधारण एक ते तीन सेकंदांचे एक्स्पोजर लागते. ते केवळ मंद तारे दिसावेत म्हणून नव्हे. इतक्या वेळात हवेमुळे होणारी ताऱ्याची थरथर सरासरीत निघून जाते. अत्यंत लहान एक्स्पोजरवर गायडिंग केल्यास माउंट त्या थरथरीच्याच मागे धावत राहते.

पूर्वी स्टीव्ह चेंबर्स यांनी फिलिप्सच्या वेबकॅममध्ये फेरफार करून दीर्घ एक्स्पोजरची सोय केली होती आणि अनेक हौशी निरीक्षकांनी तो मार्ग पत्करला. मीही एका फिलिप्स वेबकॅमवर तसा प्रयत्न केला. चिपचा एक पाय उचलून त्याला केसाएवढी बारीक तार जोडताना माझ्या हातून तो पायच तुटला आणि वेबकॅम निकामी झाला. आज एएसआय १२० सारखे लहान कृष्णधवल कॅमेरे गायडिंगच्या सोयीसह मिळतात, म्हणून हा खटाटोप मी कोणालाही सुचवणार नाही. आणि त्याआधीचा प्रश्न असा, की आपल्या मोटरच्या कंट्रोलरला सहा तारांचे गायडिंग पोर्ट आहे का? ते नसेल तर कोणताही कॅमेरा लावला तरी दुरुस्तीचा संदेश मोटरपर्यंत पोहोचणारच नाही.

तरीही आपला वेबकॅम तेजोमेघाच्या कामी येऊ शकतो, कारण होकायंत्रावर लावलेला ध्रुवाक्ष हाच आपला मोठा दोष आहे. ध्रुवाक्ष एक अंशाने चुकला तर तारा मिनिटाला सुमारे १५ आर्कसेकंद, म्हणजे आपल्या चौकटीत तीसएक पिक्सेल सरकू शकतो. हे सरकणे मोजण्यासाठी ध्रुवतारा दिसण्याची आवश्यकता नाही. मृगाच्या बाणातील सर्वांत उत्तरेकडचा तारा, मिंटाका, खगोलीय विषुववृत्तापासून जेमतेम १८ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) दक्षिणेला आहे आणि वेबकॅमला सहज दिसेल इतका ठळक आहे. जानेवारीच्या अखेरीस रात्री साडेनऊच्या सुमारास तो आपल्या मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येतो.

प्रथम मोटर बंद करून तारा चौकटीतून वाहू द्यावा आणि त्याची वाट आडव्या रेघेला समांतर होईपर्यंत वेबकॅम फिरवावा. पूर्ण चौकट ओलांडायला त्याला सुमारे ४० सेकंद लागतील. मग मोटर सुरू करून नळी बोटाने किंचित उत्तरेकडे ढकलावी. तारा ज्या बाजूला जाईल ती दक्षिण. त्यानंतर दोन मिनिटे केवळ उभे सरकणे पाहावे. तारा दक्षिणेकडे जात असेल तर ध्रुवाक्षाचे टोक पूर्वेकडे वळलेले आहे, उत्तरेकडे जात असेल तर पश्चिमेकडे. उंचीच्या दुरुस्तीसाठी पूर्वेला वीस-तीस अंश वर आलेला तारा घ्यावा. जानेवारीच्या अखेरीस संध्याकाळी साडेसातला प्रश्वा (प्रोसिऑन) हा तारा सोयीचा आहे. तिथे दक्षिणेकडे सरकणे म्हणजे अक्ष खाली झुकलेला, उत्तरेकडे म्हणजे वर गेलेला.

प्रश्नकर्ता (विश्रामबाग, सांगली)

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. ऑटो बंद करताच गुरूचे दोन्ही पट्टे दिसले. घरातील सर्वांना बोलावून दाखवले. कंट्रोलरला गायडिंग पोर्ट नाही. काल मिंटाका दोन मिनिटांत ४१ पिक्सेल दक्षिणेकडे सरकला, म्हणजे हिशेबाने माझी चूक अर्ध्या अंशाहून अधिक होती. ध्रुवाक्ष थोडा थोडा पश्चिमेकडे वळवत चौथ्या खेपेस हे सरकणे ३ पिक्सेलवर आले. परंतु आता तारा पूर्व-पश्चिम असा संथपणे झुलताना दिसतो. हा दोष कशाचा?

उत्तर (सातारा)

तो वर्म गिअरचा (मळसूत्री दंडाने दातेरी चाक फिरवणाऱ्या जोडीचा) आवर्ती दोष आहे. दाते आणि वर्म पूर्णपणे एकसारखे नसल्याने मोटर कधी किंचित पुढे, कधी किंचित मागे पडते आणि वर्मच्या प्रत्येक फेरीत तेच पुन्हा घडते. ध्रुवाक्ष कितीही नेमका लावला तरी हा दोष जात नाही, पण वेबकॅमने अर्ध्या तासाची चित्रफीत घेतल्यास तारा किती पिक्सेल झुलतो आणि एक फेरी किती मिनिटांची आहे, हे दोन्ही समजेल. झोका जिथे उलटतो तिथे काही काळ तारा जवळजवळ स्थिर राहतो.

१२०० मिलिमीटरवर गायडिंगशिवाय तेजोमेघ घेण्याचा आग्रह मी धरणार नाही. डीएसएलआर नळीच्या पाठीवर बांधून १३५ मिलिमीटरच्या भिंगाने एक-एक मिनिटाच्या पन्नास-साठ प्रतिमा घ्याव्यात. कॅमेऱ्याचे पिक्सेल ४.३ मायक्रॉनचे धरले तर तिथे एका पिक्सेलवर साडेसहा आर्कसेकंद पडतात, आणि आपण आता साधलेल्या ध्रुवाक्षावर मिनिटाभरात तारा एक आर्कसेकंदही उत्तर-दक्षिण सरकणार नाही. तिपाईच्या पायांची जागा गच्चीवर ऑइलपेंटने आखून ठेवावी, म्हणजे दर रात्री पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.