अनुभव धागा: आपल्या डोक्यावरून आपल्याच माणसांना हुकूम सोडणारे साहेब

तिरफळ

काल पेट्या आणायला आंब्याच्या शेडवर गेले होते. तिथली सुपरवायझर पोरगी, असेल चोविसेक वर्षांची, डाग पडलेली फळं बाजूला काढायला सांगत होती. शेठ फोनवर बोलत बोलत आत आले आणि भरणाऱ्या बायकांना म्हणाले, "तिचं काय ऐकत बसता, भरा सगळं." पोरगी गप्प. बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि काढलेली फळं परत पेटीत लावली.

मला माझी जुनी नोकरी आठवली. रत्नागिरीत मासळीच्या कारखान्यात कोलंबी सोलायच्या हॉलवर होते. ग्रेडिंग, बर्फ, क्लोरीनच्या पाण्यात हात बुडवणं, सगळं माझ्याकडे. क्रेटमधला बर्फ उतरला की मी माल थांबवायचे. मॅनेजर मागून यायचे आणि थेट बायकांना, "चला, चला, घ्या पुढे." १६/२० चा माल (पौंडाला सोळा ते वीस नग, भाव त्यावरच ठरतो) मी परत मोजायला लावला की तेच. पुढे पुढे मी काही सांगितलं की बायका माझ्या खांद्यावरून मागे बघायच्या, साहेब आहेत का म्हणून. ते बघणं फार लागायचं.

हॉलमध्ये मी एकदाही वाद घातला नाही. हॅसॅपसाठी (अन्न सुरक्षित ठेवायची तपासणी-पद्धत) तापमानाची नोंदवही भरावीच लागते, तिच्यात शेऱ्याचा रकाना असतो. त्यात लिहायला लागले: "लॉट थांबवला. मॅनेजरांच्या तोंडी सांगण्यावरून पुढे सोडला." खाली वेळ. मग वही घेऊन केबिनमध्ये, हसतमुखाने, "सर, एवढी सही." पहिल्यांदा न वाचताच केली. नंतर वाचायला लागले. नंतर "ठेव, बघतो". आणि मग हॉलमध्ये ओरडणं बंद होऊन मला आत बोलावून सांगणं सुरू झालं. माणूस काही बदलला नाही, पण भांडण चार भिंतींच्या आत गेलं.

तुमचं सांगा. कसं निभावलंत?

बंदरावरचा

आमचे बाबा तांडेल, म्हणजे मासेमारीच्या बोटीचे कप्तान. मालक किनाऱ्यावर, पण मोबाईलला रेंज असेपर्यंत बोट तोच चालवणार. बरं, फोन बाबांना नाही, खलाशांना! "अजून एक ओढ मारून या, तांडेलाला सांगू नका मी बोललो." वारा फिरलेला दिसतोय, पाणी बदललंय आणि खलाशी दोन तोंडांकडे बघतायत. बाबा म्हणायचे, बंदरात बोट मालकाची, पाण्यात माझी. एकदा जाळं वर घेऊन सरळ परत आले. मालकाने जेटीवर सगळ्यांदेखत वाट्टेल ते ऐकवलं. बाबांनी हिशेब पुरा केला, मासळी उतरवून दिली आणि ३१ मेनंतर बोट बदलली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तांडेल इकडचे तिकडे होतात ते तेव्हाच. चांगल्या तांडेलाला काम मिळतंच. खलाशीही बाबांच्या मागोमाग निघून आले, मालकाला तेच जास्त झोंबलं.

आंबोळी

तिरफळ, पेटी कितीला मिळाली? आणि साका निघतोय का यंदा? आमच्याकडे वरून सोन्यासारखं फळ, कापलं की आत पांढरं.

तिरफळ

@आंबोळी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. साका आहे थोडा. शेवटचा माल आहे, पाऊस दारात.

काळा_वाटाणा

तारकर्लीला रिसॉर्टवर मॅनेजर होतो. मालक दादरला, पण कॅमेऱ्यातून सगळं बघणार. मी गेस्टला चेक-आऊट अकराचं सांगितलं की ह्यांचा फोन थेट रूमबॉयला, "एक वाजेपर्यंत राहू दे त्यांना." मी डिस्काउंटला नाही म्हटलं की गेस्ट मालकाला फोन लावून माझ्यासमोर डिस्काउंट घेणार आणि वर माझ्याकडे बघून हसणार. एकदा स्वयंपाकघरात फोन, सोलकढी पातळ दिसते म्हणून. कॅमेऱ्यात!!

आमची रांधपीण काकी खमकी. तिने उपाय काढला. दिवसभर मालकाला फोन. "मालकानू, बांगड्याच्या तिखल्यात तिरफळा किती घालू?" "मालकानू, नारळ संपले, दोन आणू की चार?" "मालकानू, मांजर इला हा, हाकलू काय?" मालक वैतागले, म्हणाले, "अगो, मॅनेजर कशाला ठेवलाय मी?" काकी म्हणाली, "ह्याच तुमका इचारूचा होता."

तिरफळ

काकींना नमस्कार सांगा 🙏😂 तिखल्यात माझंही नाव आलं.

गुहागरकर

😂😂 मांजर!!

फाईल_पेंडिंग

सरकारी नोकरीतल्यांसाठी. तिरफळ यांचं वहीचं तंत्र आमच्याकडे नियमातच आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९, नियम ३ बघा. वरिष्ठाचा आदेश लेखी हवा, तोंडी असेल तर नंतर लेखी दुजोरा घ्यायचा. आमचे साहेब माझ्या लिपिकाला परस्पर बोलावून फाईल फिरवायचे. मी टिपणीत "मा. साहेबांच्या तोंडी निर्देशानुसार सादर, कृपया दुजोरा मिळावा" असं अगदी नम्रपणे लिहायला लागलो. फाईली माझ्या टेबलावरून जायला लागल्या. गोपनीय अहवालात काय लिहिलं ते विचारू नका.

वाडीवरची_सून

थोडं उलटं बोलते, रागवू नका. आमचा छोटा काजूचा कारखाना आहे, सासरे बघतात. कामाला येणाऱ्या बाया वाडीतल्याच. कुणी सासऱ्यांची चुलत वहिनी, कुणी भाची. गणपतीत आमच्याकडे आरतीला असतात. सुपरवायझर म्हणून शिकलेला मुलगा ठेवला, तोही वाडीतलाच आणि त्या सगळ्यांपेक्षा लहान. तो म्हणाला तुकडा वेगळा करा, तर बाया थेट ओटीवर येऊन, "भाऊजी, ह्या पोराक काय कळता?" सासरे "बरं बरं, असू दे" म्हणून टाकतात. त्यांना वाटतं आपण नातं सांभाळलं. मुलाची मात्र दुसऱ्या दिवशी शेडमध्ये काडीची किंमत राहत नाही. इथे साहेब वाईट आहे असं म्हणता येत नाही आणि मुलाचं दुःख खोटं नाही. नोंदवही इथे चालणार नाही. मी सासूबाईंना पुढे केलंय. आता बाया आल्या की त्या चहा देतात आणि म्हणतात, "कामाचं त्याच्याशीच बोला गं, हे झोपलेत."

झोपलेले नसतात.

बंदरावरचा

@वाडीवरची_सून हे खरंय. गावात हुद्दा नंतर, आधी कोण कोणाचा.

नाव_नको

शाळेत प्रभारी मुख्याध्यापिका आहे. मी रजा नाकारते, वरचे साहेब फोनवर मंजूर करतात. शिक्षकांना आता माझ्याकडे अर्जसुद्धा द्यावासा वाटत नाही. उपाय सापडलेला नाही. लाइट गेलीय, बॅटरी कमी, नंतर लिहिते.

फाईल_पेंडिंग

@नाव_नको ताई, आधी सगळ्यांना लेखी सूचना काढा, अर्ज तुमच्याकडे दिल्याशिवाय मस्टरवर रजा लागणार नाही. मस्टर तुमच्या ताब्यात आहे ना? मग अर्धं काम तिथेच आहे. भांडायची गरज नाही.

मालवणी_गजाल

बा देवा म्हाराजा, ह्या धाग्यावरच्या लेकरांचो जो कोण सायब असात, तेका दुसऱ्या ब्रांचक बदली दी रे म्हाराजा!

गुहागरकर

व्हय म्हाराजा!

काळा_वाटाणा

व्हय म्हाराजा! पण दुसऱ्या ब्रांचवाल्यांनी काय पाप केलंय 😭

आंबोळी

व्हय म्हाराजा. तिरफळ, व्यनि नाही आला अजून. आणि त्या शेडवरच्या पोरीचं पुढे काय?

तिरफळ

@आंबोळी पाठवला, बघ. पैसे देताना तिच्याशी दोन मिनिटं बोलले, नंबर घेतलाय. वहीचं सांगितलं, तर म्हणाली शेडवर वहीच नाही, सगळं शेठच्या डोक्यात. म्हटलं मग रोज संध्याकाळी व्हॉट्सॲप कर शेठला, किती भरल्या, किती काढल्या, कोणाच्या सांगण्यावरून परत भरल्या. दोन निळ्या टिका आल्या की झालं. बघू काय करते.