‘हितसंबंध’, ‘स्वारस्य’ की ‘व्यासंग’?

प्रश्न : सोलापुरातील एका महाविद्यालयाच्या इतिहास विभागाचे माहितीपत्रक मराठीत करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. प्राध्यापकांच्या नावांपुढे दोन रकाने आहेत, एक अध्यापनाचा व दुसरा संशोधनाचा. दुसऱ्याचे इंग्रजी शीर्षक ‘Research Interests’ असून यांत्रिक भाषांतराने त्याचे ‘संशोधन हितसंबंध’ केले आहे. ते बदलायचे हे नक्की, परंतु त्याजागी ‘रस’, ‘स्वारस्य’, ‘व्यासंग’ यांपैकी काय घ्यावे?

उत्तर : ‘हितसंबंध’ हा शब्द लाभहानीचा आहे. गिरणीमालकांचे हितसंबंध म्हणता येते. पण एखाद्या प्राध्यापकाचे सोलापूरच्या १९३०च्या मार्शल लॉमध्ये हितसंबंध आहेत असे छापले, तर वाचक आधी त्यांचे वय विचारतील. ‘स्वारस्य’ हा शब्द ‘स्वरस’वरून आला असून तो मुळात वस्तूकडे असतो, म्हणून ‘या श्लोकातले स्वारस्य’ हा प्रयोग जुना, आणि ‘मला स्वारस्य आहे’ हा त्यामानाने अलीकडचा वाटतो. ‘व्यासंगा’त चिकटून राहण्याचा अर्थ आहे, तो वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने येतो आणि दुसऱ्याने म्हणायचा असतो. स्वतःच्या नावापुढे स्वतःच ‘माझा व्यासंग’ लिहिणे मराठी कानाला खटकते. ‘रस’ चालेल, पण रकान्याच्या शीर्षकात तो एकटा पडतो.

दुसरा प्रश्न : मला ‘संशोधन’ या शब्दाविषयीच शंका आहे. हिंदीत ‘संविधान संशोधन’ म्हणजे घटनादुरुस्ती; मग आपण हा शब्द टाळावा का?

उत्तर : टाळू नये. धातू ‘शुध्’, त्यामुळे दोष काढून शुद्ध करणे हा अर्थ मूळचा, आणि मराठीतही ‘संशोधित आवृत्ती’त तो शिल्लक आहे. मात्र १९१० साली पुण्यात स्थापन झालेल्या मंडळाच्या नावातच ‘इतिहास संशोधक’ आहे, म्हणजे मराठीतला आजचा अर्थ शतकाहून जुना आहे. आपल्या सोलापुरात तर शेजारच्या घरी कन्नडमध्ये ‘संशोधने’ आणि पूर्व भागात तेलुगूमध्ये ‘परिशोधन’ याच अर्थाने ऐकू येईल; वेगळी वाट हिंदीची आहे. जुना कागद तपासणे, खोटा ताम्रपट खऱ्यापासून वेगळा काढणे, हे इतिहासाच्या प्राध्यापकाचे काम पाहिले तर ‘शुद्ध करणे’ हा अर्थही फारसा दूर नाही.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. ‘अध्यापनविषय’ आणि ‘संशोधनविषय’ अशी शीर्षके ठेवली. आमच्याकडील एक सर वर्गात फ्रेंच राज्यक्रांती शिकवतात, कारण अभ्यासक्रमात ती आहे. सुट्टीत मात्र भीमा-सीनेच्या संगमावर कुडलच्या शके ९४०च्या मराठी शिलालेखापाशी बसलेले असतात. दोन रकाने का हवेत, ते यावरून कळते. ‘व्यासंग’ हा शब्द मी त्यांच्या परिचयाच्या परिच्छेदासाठी राखून ठेवला आहे, कारण तो परिच्छेद मी लिहिणार आहे, ते नव्हेत.