मदत हवी आहे: नाटकासाठी तलवार, दांडपट्टा आणि घोडेस्वारी. मुंबईत सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

आमच्या हौशी नाट्यसंस्थेने महाराणी ताराबाईंवरचं नवं नाटक बसवायला घेतलं आहे. काळ १७०० ते १७०७, म्हणजे सिंहगडावर राजाराम महाराज वारले तिथपासून औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत. ताराबाईंची भूमिका माझ्याकडे आली आहे. एका प्रवेशात तलवारीची झुंज आहे आणि एका ठिकाणी त्या घोड्यावरून उतरून थेट सदरेवर येतात. घोडा अर्थातच विंगेत, नुसता आवाजाचा.

दिग्दर्शक म्हणतात, चार हात बसवून घेऊ, प्रेक्षकांना तेवढं पुरतं. मला ते पटत नाही. ही हंबीरराव मोहित्यांची मुलगी. शस्त्र आणि घोडा यांच्यात वाढलेली बाई तलवार उचलते तेव्हा तिचा खांदा कसा असतो, बराच वेळ खोगिरावर बसून उतरल्यावर पाय कसे पडतात, हे माझ्या अंगाला कळायला हवं. म्हणून रंगमंचावर घोडा नसला तरी मला स्वारी शिकायची आहे.

माझी परिस्थिती: वय ३६, राहते भांडुपला, नोकरी फोर्टात, तालमी परळला. शनिवार-रविवार मोकळे. लहानपणी कथक शिकले आहे. उजवा गुडघा दुखरा आहे. प्रयोगाला साधारण सहा महिने आहेत.

मर्दानी खेळाच्या आखाड्यात जाऊ, फेन्सिंगचा क्लास लावू, की रंगमंचीय झुंज बसवणाऱ्या माणसाकडेच थेट जाऊ? तिन्ही एकदम झेपणार नाही. पट्टा शिकायची फार इच्छा आहे, ते सहा महिन्यांत जमेल का? घोड्यासाठी महालक्ष्मीशिवाय काही पर्याय? आणि सरावाची तलवार लोकलने न्यायची कशी? ज्यांनी स्वतः शिकलं किंवा शिकवलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

ताई, मी मूळचा कोल्हापूरचा, आता लालबागला मुलांना मर्दानी खेळ शिकवतो.

पट्टा आत्ता नको. त्याच्या खोबळ्यात, म्हणजे लोखंडी हातमोज्यासारख्या मुठीत, हात कोपराच्या जवळपास जातो, मनगट बंद होतं. पातं लांब आणि लवचिक. सगळा फिराव खांद्यातून आणि कमरेतून येतो. नवख्या माणसाचा पट्टा कुठे जाईल हे त्यालाही सांगता येत नाही, आणि परळच्या हॉलमध्ये तुमच्या शेजारी सहकलाकार उभे असणार. २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान मिळाल्यापासून प्रत्येकाला आधी पट्टाच हवा असतो. आनंद आहे, पण क्रम सोडू नये.

क्रम असा: आधी रिकाम्या हाताने पवित्रे. मग लाठी. मग फरी-गदगा, म्हणजे लहान ढाल आणि चामड्याने मढवलेला दांडका. तलवारीचा जोडीचा सराव पूर्वीपासून यावरच होत आला आहे, कारण चुकून लागलं तर वळ उठतो, हात तुटत नाही. तलवार त्यानंतर. तुम्हाला कथक येतं, म्हणजे पाय तयार आहेत. फक्त पाय आपटायची सवय मोडावी लागेल. पवित्र्यात पाऊल जमिनीलगत सरकतं.

दुसरं, आपल्या तलवारीची मूठ लहान असते आणि मागे गोल चकती असते. मूठ पकडली की मनगट फार वळत नाही. हे मुद्दाम आहे. वार खांद्यातून सुटतो आणि पातं अंगावरून ओढलं जातं, म्हणून तर ते वाकडं. काठीसारखा ठोका मारलात तर जाणकाराला लगेच कळतं. फोर्टात नोकरीला आहात तर जेवणाच्या सुट्टीत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं शस्त्रदालन बघून या. अकबराचं चिलखत तिथेच आहे, पण तुम्ही मुठींसमोर उभ्या राहा.

गट निवडताना एक सराव नुसता बसून बघा. एकेकट्याने फिरवणं, लिंबू कापणं एवढंच चालू असेल तर ते प्रात्यक्षिकाचं शिक्षण. त्यालाही मेहनत लागते, पण तुमच्या कामाचं नाही. समोर माणूस ठेवून जोड खेळवतात का, हे विचारा. गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत बरेच गट उतरतात, तिथे ओळखी निघतात.

प्रतिसाद

फेन्सिंग खेळते, म्हणून तेवढंच सांगते. घ्यायचं तर सेबर घ्या. भवानी देवी टोकियो ऑलिंपिकला उतरली ते हेच शस्त्र. त्यात टोकाबरोबर पात्याच्या कडेचा वारही धरतात आणि कमरेच्या वरचंच अंग लक्ष्य असतं. पण सेबरचं वजन पाचशे ग्रॅमच्या आत असतं आणि सगळी करामत बोटा-मनगटात. वर दादांनी मुठीबद्दल जे लिहिलं ते बरोबर याच्या उलट आहे. तुमच्या भूमिकेत ते मनगट दिसायला नको. शिवाय पुढे झेप घेऊन गुडघ्यावर येणं हा या खेळाचा प्राण आहे, आणि तुमचा गुडघा दुखरा. माझा खेळ असूनही मी म्हणेन, या नाटकासाठी राहू द्या.

प्रतिसाद

मी नाटकांच्या झुंजी बसवतो. एक गोष्ट कृपया दिग्दर्शकांनाही वाचून दाखवा.

तलवारबाजी आणि रंगमंचावरची झुंज यांची दिशा उलट आहे. आखाड्यात तुम्ही वार लपवता, रंगमंचावर तो समोरच्याला आधी दाखवता. आखाड्यात लागावा म्हणून मारता, इथे लागू नये म्हणून. त्यामुळे आखाड्यात शिकलेलं जसंच्या तसं तालमीत आणू नका. अंग तिकडे तयार करा, झुंज इकडे नव्याने बसवा.

वार सुरू करण्याआधी नजरानजर. ज्याच्यावर वार होणार तो तयार असल्याचं नजरेने सांगतो, मगच हात सुटतो. म्हणजे घाव केव्हा बसणार हे घाव खाणारा ठरवतो. अंतर असं की हात पूर्ण लांब केला तरी टोक समोरच्याच्या अंगापासून वीतभर लांब राहिलं पाहिजे. हे मधलं अंतर प्रेक्षकांना दिसत नाही, ते बाजूच्या कोनाने झाकलं जातं. तोंडाच्या रेषेत काही नाही, कधीच नाही. डोक्यावरचा वार हवा असेल तर तो अडवला जाणाराच बसवायचा.

वेग सर्वांत शेवटी. आधी आकडे म्हणत, पाण्याखाली असल्यासारखं संथ. हात चुकला की थांबायचं, मध्येच स्वतःच्या मनाने भर घालायची नाही. प्रत्येक प्रयोगाआधी, पन्नासावा असला तरी, दोघांनी झुंजीची संथ उजळणी करायचीच. मेकअपला उशीर झाला म्हणून ती टाळणाऱ्या नटाबरोबर मी काम करत नाही.

आता शस्त्र. ड्रेपरीवाल्याकडची (नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्याकडची) किंवा भिंतीवर लावायची तलवार हातात असेपर्यंत ठीक, पण दुसऱ्या पात्यावर आपटायची नाही. त्यातल्या पुष्कळ तलवारींत पात्याचं शेपूट मुठीत बोटभरच असतं किंवा पातळ सळी डाग दिलेली असते. ती तुटली की पातं पहिल्या रांगेत. शेपूट मुठीच्या आरपार गेलेलं हवं, कडा जाड आणि गोल, टोक बोथट. ॲल्युमिनियमचं पातं हलकं पडतं, पण त्यावर खाचा पडून कुसळं उठतात, म्हणून प्रत्येक प्रयोगानंतर हाताला फडकं गुंडाळून चाचपा आणि कानस मारा.

आणि ताई, नऊवारी पहिल्याच महिन्यापासून नेसून सराव करा. काष्टा घट्ट असला की पाऊल उघडं टाकता येतं, पण पदर आणि दागिने मुठीत अडकतात. ऐन रंगीत तालमीत ते कळून उपयोग नाही.

प्रतिसाद

घोड्याबद्दल. महालक्ष्मी रेसकोर्सवरचा ॲमॅच्युअर रायडर्स क्लब १९४२ पासूनचा. भांडुपहून पहाटे निघावं लागेल, पण चौकशी तिथेच सुरू करा. दुसरा मार्ग म्हणजे पुण्याकडे, तळेगावच्या बाजूला घोडेस्वारीच्या शाळा आहेत, तिथे सलग काही दिवस राहून शिकणं. आठवड्याला एका तासापेक्षा सलग दिवसांत मांड लवकर बसते असं माझं मत. जुहूच्या वाळूवर किंवा माथेरानला घोड्यावर बसणं हे शिक्षण नव्हे, लगाम दुसऱ्याच्या हातात असतो.

चांगला शिक्षक सुरुवातीला घोडा लांब दोरीवर गोल फिरवतो आणि तुम्हाला लगाम देतच नाही. कंटाळू नका. पाय, कंबर आणि श्वास घोड्याच्या चालीत मिसळेपर्यंत हात मोकळे असणंच बरं. दुडकीत उठबस करताना गुडघ्यावर ताण येतो, म्हणून डॉक्टरांना आधी विचारा, आणि रिकिबी, म्हणजे पाय ठेवायच्या कड्या, फार आखूड ठेवू नका. हेल्मेट आणि टाचेचे बूट हवेतच. सपाट बुटाचा पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडलात तर माणूस फरफटत जातो.

घोड्यावर तलवार हा विचार या सहा महिन्यांत नको. लगाम डाव्या हातात, शस्त्र उजव्या हातात, आणि घोड्याला कानाजवळून जाणाऱ्या काठीची सवय. त्याला माणसाइतकाच घोडाही शिकलेला लागतो. पण तुमच्या प्रवेशासाठी उतरणं मात्र भरपूर करा. चढणं-उतरणं डाव्या बाजूने, कारण तलवार डाव्या कमरेला असायची. उतरताना म्यान कुठे जातं, पहिली चार पावलं कशी रुंद पडतात, ते खरं उतरल्याशिवाय सापडणार नाही. तुमचा हट्ट बरोबर आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दिग्दर्शकांना झुंजीचा प्रतिसाद पाठवला, त्यांनी झुंजीच्या तालमींसाठी वेगळा वेळ काढायचं कबूल केलं आहे. पट्टा मनातून काढलेला नाही, पुढे ढकलला आहे. शनिवारी फरी-गदगा, रविवारी सकाळी घोडा, आणि दिवाळीच्या सुट्टीत तळेगाव, असं ठरवते आहे. लोकलचा प्रश्न मात्र राहिला.

प्रतिसाद (लालबाग)

शस्त्र घेऊन प्रवास करूच नका. नऊ इंचांहून लांब पात्याची तलवार शस्त्र नियमांत येते, आणि मुंबईत पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश वरचेवर निघतात. त्यात लाठीसुद्धा धरतात. बोथट आहे हे गर्दीत कोणाला पटवून देणार? तालमीच्या जागीच कुलपात ठेवा. न्यावीच लागली तर संस्थेच्या लेटरहेडवर पत्र, स्थानिक पोलीस ठाण्याला आधी कल्पना, आणि प्रॉपर्टीच्या (नाटकाच्या सामानाच्या) पेटीत बंद करून टेम्पोने.

फरी-गदगा आमच्याकडे आहे, विकत घेऊ नका. ओल्या मैदानावर गुडघ्याला त्रास होईल, म्हणून पावसात आम्ही शाळेच्या हॉलमध्ये खेळतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवला आहे. सहकलाकारालाही घेऊन या, जोड तुमचीच लागेल.