मदत हवी आहे: कशेळीच्या देवघळीत उतरण्यासाठी भांग (सप्तमी-अष्टमीची लहान भरती-ओहोटी) बरा की उधाण (पौर्णिमा-अमावास्येची मोठी)?

नमस्कार.

आम्ही सोलापूरचे. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा आटोपली, की रथसप्तमीच्या उत्सवात राजापूर तालुक्यातील कशेळीच्या कनकादित्याचे दर्शन घ्यावे, अशी आईची फार दिवसांची इच्छा आहे. तेथून जवळच, सड्याच्या (कातळी पठाराच्या) कड्याखाली देवघळी नावाचा लहानसा, एकांतातला किनारा आहे. आईला वर बसवून पत्नी, दोन्ही मुले आणि मी तेथे उतरावे असा विचार असून, त्यासाठी किनाऱ्यावरच्या जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

मुख्य शंका वेळेची आहे. कोकणात पौर्णिमा-अमावास्येला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास भरती येते आणि रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ निघते. या हिशेबाने सप्तमीला भरती सव्वापाचला आणि पूर्ण ओहोटी सकाळी साडेअकराच्या आसपास येईल, म्हणजे दर्शन घेऊन भर उजेडात उतरता येईल. मात्र सप्तमी-अष्टमीला भांग असल्यामुळे पाणी फारसे मागे हटणार नाही. पौर्णिमेच्या उधाणात ते बरेच मागे जाते, पण सहाच्या सुमारास, म्हणजे सकाळी उजाडण्यापूर्वी नाहीतर संध्याकाळी अंधार पडता पडता, आणि नंतर चढतेही झपाट्याने. कातळकड्यांनी वेढलेल्या घळीत मुलांना घेऊन उतरायचे, तर मला भांगच बरा वाटतो. पण त्या दिवशी खाली उभे राहण्यापुरती तरी वाळू उघडी पडते का, आणि ओहोटी लागल्यापासून किती वेळात वर परतावे, हे तेथे नेहमी जाणाऱ्यांनी कृपया सांगावे.

दोन्ही मुलांना पोहता येते, परंतु ती शेतातल्या विहिरीत शिकली आहेत, आणि खडकावर आपटून माणसाला मागे खेचणाऱ्या लाटेपुढे ते पोहणे कामाला येत नाही, हे त्यांच्या गळी उतरवणे अवघड जाते. त्यामुळे पाण्यात उतरायचे नाही, खडकांच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यातले खेकडे आणि शंख तेवढे पाहायचे, असे ठरवले आहे. शेवाळावरून पाय घसरतो आणि कालवांच्या (खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या) धारेने तळवा कापतो, म्हणून चपलांऐवजी रबरी तळाचे कापडी बूट घेत आहोत. ते पुरतील ना?

प्रवास सांगोला, मिरज, कोल्हापूर असा होईल. पुढे आंबा घाटाने रत्नागिरी गाठून पावस, पूर्णगडमार्गे यावे, की अणुस्कुरा घाटाने ओणीला उतरावे? आईला वळणांचा त्रास होतो.

तिचे गुडघेही दुखतात. कड्यावर तिला तासभर बसण्याजोगी सावली असेल तर समुद्र तरी नीट पाहता येईल. नसेल तर तिला देवळातच थांबवू. तेवढे अवश्य कळवावे, ही विनंती.