'स्टार टाइम' ऐकलं की जेम्स ब्राऊन झाला का?

उलटी_तबकडी
परवा इथे एकाने ठोकून दिलं: 'संकलनं ऐकणारे आळशी. जेम्स ब्राऊन ऐकायचा तर अल्बम ऐका, स्टार टाइम म्हणजे पाहुण्यांपुढे ठेवायची फराळाची ताटली.' स्टार टाइम म्हणजे अमेरिकन सोल-फंक गायक जेम्स ब्राऊनच्या निवडक गाण्यांचा संच. दोन दिवस गप्प बसलो, आता लिहितोच.

कुठले अल्बम हो? साठच्या दशकात ब्राऊनची गाणी काढणाऱ्या किंग रेकॉर्ड्सचा धंदा ४५च्या, म्हणजे बाजूला एकेकच गाणं असलेल्या छोट्या तबकड्यांवर चालायचा. गाणं लांबलं की कापून एका बाजूला भाग १, दुसऱ्या बाजूला भाग २. एलपीत, म्हणजे मोठ्या तबकडीत, दोन हिट गाणी, बाकी बरीचशी भरताड. १९९१च्या या संचात चार सीडी, ७१ गाणी, १९५६च्या 'प्लीज प्लीज प्लीज'पासून १९८४पर्यंत. 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग' १९६५ साली बाजारात आलं ते कापून, वर वेग वाढवून. इथे मूळ सलग टेक आहे. एक सूर वाजायच्या आत गडी ओरडतो, हे हिट आहे! मग संथ, जड चालीत ब्रास येतो. हे कुठल्या जुन्या अल्बमवर होतं, दाखवा.

अपोलो_६२
आळशी म्हणणारा मीच. अजूनही म्हणतो.
२४ ऑक्टोबर १९६२, हार्लेमचं अपोलो थिएटर. तिथल्या कार्यक्रमाचं थेट रेकॉर्डिंग करायला किंगचा मालक सिड नेथन पैसे घालेना, म्हणून ब्राऊनने पदरचे घातले. त्यातलं 'लॉस्ट समवन' दहा मिनिटांच्या वर चालतं. तो एक ओळ सोडतो, थांबतो, समोरून बायका किंचाळतात, तो पुन्हा तीच ओळ घेतो. हा माणूस कार्यक्रमात होता, तुकड्यांत नाही. तुमच्या ७१ तुकड्यांचं कौतुक तुम्हालाच.

ढोलकीवाला
संच राहू द्या, अल्बम राहू द्या. ब्राऊनच्या 'फंकी ड्रमर' गाण्याचं बोला. नोव्हेंबर १९६९, सिनसिनाटी. सगळे वादक थांबतात आणि ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड एकटा वाजवतो, जेमतेम वीस सेकंद. पुढे तो तुकडा उचलून आपल्या गाण्यांत वापरत अर्धं हिपहॉप त्या वीस सेकंदांवर उभं राहिलं. गाण्याचे हक्क? एकट्या ब्राऊनच्या नावावर.
मला हे लागतं, कारण मी बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात काढली. आमची एक कॅसेट निघाली. कव्हरवर गायकाचा फोटो, निवेदकाचं नाव, मंडप डेकोरेटरचंही नाव. आम्ही चौघे 'व इतर साथीदार'. बिदागी तीनशे, रिक्षा ज्याची त्याने.

उलटी_तबकडी
वाईट वाटलं, खरंच. पण धागा संकलनावर आहे.

ढोलकीवाला
हो, साजिंद्यांचा विषय निघाला की धागा नेहमीच दुसऱ्या कशावर तरी असतो.

खाली_भरी
ब्राऊन वादकांना चुकलेल्या सुरासाठी दंड करायचा, बूट चकाकत नसले तरी करायचा. १९७० साली अख्खा ताफा उठून गेला, तेव्हा सिनसिनाटीहून पोरं आणली, त्यात बेस गिटारवाला बूट्सी कॉलिन्स. त्याला शिकवलं काय, तर पहिल्या मात्रेवर जोर. म्हणजे आपली समच की.

अपोलो_६२
अजिबात नाही. समेवर फिरून यायचं असतं, म्हणून तिथे दाद मिळते. हा प्रत्येक बारला, म्हणजे दर चार मात्रांना हाणतो. तबल्याच्या दोन शिकवण्या झाल्या म्हणून सगळीकडे सम दिसायला नको.

खाली_भरी
दोन नाही, अकरा वर्षं. तुमचं काय?

उलटी_तबकडी
अरे भांडा, पण एक ऐका. ढोलकीवाले, स्टार टाइमच्या पुस्तिकेत कोणत्या गाण्यावर कोण वाजवतंय ते छापलंय. तिला ग्रॅमीही मिळालं. आळशी लोकांच्या या ताटलीतच साजिंद्यांची नावं आहेत.

अपोलो_६२
पुस्तिका चांगली आहे, मान्य. पुस्तिका.

ढोलकीवाला
नाव छापलं, पैसे कोणी दिले? असो. ते पान स्कॅन करून टाका. आमच्या कॅसेटवाल्याला पाठवतो, अजून दुकान आहे त्याचं.