‘अल्फा जास्त, बीटा कमी’ एवढ्यावर फंड निवडायचा?

मुलुंडकर

परवा इथे एकाने लिहिलं: ‘फंडाच्या मासिक फॅक्टशीटमध्ये दोनच आकडे बघा. अल्फा जास्त, बीटा एकच्या खाली. डोळे झाकून एसआयपी लावा, बाकीचं पुराण वाचू नका.’ खाली धन्यवादांची रांग. एका ताईंनी तर मुलीच्या शिक्षणाचे पैसे त्यावर हलवायचं ठरवलंय. तेव्हा राहवलं नाही.

बीटा म्हणजे निर्देशांक एक टक्का हलला की फंड साधारण किती टक्के हलतो. अल्फा म्हणजे त्या बीटाच्या हिशेबाने यायला हवा त्याहून जास्त आलेला परतावा. तेव्हा बीटा कोणत्या निर्देशांकाशी काढलाय हे आधी बघा. तो बदलला की बीटा बदलतो, आणि बीटावर बेतलेला अल्फाही. ‘निफ्टीने १२ टक्के दिले, आमच्या फंडाने १६, म्हणजे अल्फा ४’ असं सर्रास बोललं जातं. तो अल्फा नव्हे. बिनजोखमीचा दर (सरकारी ट्रेझरी बिलांसारखा) ६.५ धरा आणि फंडाचा बीटा १.३. निफ्टीने बिनजोखमीच्या वर दिले ५.५, त्याला १.३ ने गुणलं की ७.१५. म्हणजे इतका बीटा असलेल्या फंडाने १३.६५ द्यायलाच हवे होते. अल्फा उरला २.३५. आता या फंडात मिडकॅप, म्हणजे मध्यम आकाराच्या कंपन्यांचे शेअर, ठासून भरलेत आणि त्या काळात सगळेच मिडकॅप निफ्टीच्या पुढे पळालेत असं धरा. मग या २.३५ मध्ये मॅनेजरची हुशारी किती?

लार्जकॅप म्हणवणाऱ्या बऱ्याच फंडांत २०१७ पर्यंत हेच चालायचं. ऑक्टोबर २०१७ मध्ये सेबीने पहिल्या शंभर कंपन्यांत किमान ८० टक्के ठेवण्याची अट घातली. १ फेब्रुवारी २०१८ पासून तुलनाही टीआरआयशी, म्हणजे लाभांश धरून काढलेल्या निर्देशांकाशी, करायला लावली. त्याआधी निर्देशांकाचा सव्वा-दीड टक्का लाभांश हिशेबातच नसायचा आणि तो दरवर्षी अल्फाच्या खात्यात जमा व्हायचा.

कमी बीटा म्हणजे कमी जोखीम, हेही डोक्यातून काढा. गोल्ड फंडाचा निफ्टीशी बीटा शून्याच्या आसपास असतो. २०१२ अखेर दहा ग्रॅम सोनं साधारण ३१ हजारांना होतं, २०१५ अखेर २५ हजारांच्या आसपास. बाजाराशी संबंध नव्हता, तरी पैसे गेलेच.

अवी_सातारा

तो प्रतिसाद माझा, आणि मी त्यावर ठाम आहे.

गोल्ड फंडाचा निफ्टीशी बीटा कोण बघत बसतं? वाद जिंकायला सोपं उदाहरण घेतलंत. आपल्याकडे लोक फंड कसा निवडतात? गेल्या वर्षी पहिला कोण आला ते बघून. २०१७ च्या तेजीत आमच्या ऑफिसातले निम्मे लोक स्मॉलकॅपमध्ये घुसले आणि २०१८ मध्ये हात पोळून बाहेर पडले. वर जाताना फंड का पळतोय, हा प्रश्न त्यांनी एकदा तरी विचारला असता! बीटा तोच प्रश्न विचारायला लावतो.

मार्च २०२० आठवा. २३ तारखेला निफ्टी एका दिवसात १३ टक्के पडला. जानेवारीतल्या १२,४०० जवळच्या शिखरावरून ७,६०० वर आला होता. माझा ०.८ बीटावाला फंड कमी पडला, म्हणून मी एसआयपी बंद केली नाही. शेजारच्याने केली. माझ्यासाठी जोखीम म्हणजे हीच, की माणूस घाबरून तळाला विकतो.

केतकी

अवी, बीटाबद्दल तुझं पटतं. तो त्यातल्या त्यात स्थिर असतो. पण अल्फाचं काय? फॅक्टशीटमधला अल्फा बहुतेकदा तीन वर्षांचा, म्हणजे छत्तीस महिन्यांचे आकडे. फंड आपल्या निर्देशांकापासून वर्षाला पाचेक टक्के इकडेतिकडे होत असेल, तर तीन वर्षांच्या सरासरीत तीनेक टक्क्यांची चूक सहज असू शकते. मुलुंडकरांच्या उदाहरणातला २.३५ त्यात बुडून जातो. तो कौशल्य आहे की नशीब, हे तीन वर्षांत सांगता येत नाही. हा अल्फा ज्याच्या नावाने ओळखतात त्या मायकेल जेन्सनने १९६८ मध्ये ११५ अमेरिकन फंडांचा १९४५ ते १९६४ चा हिशेब मांडला होता. खर्च जाता सरासरी अल्फा उणे निघाला.

आणि आर-स्क्वेअर, म्हणजे फंडाची किती हालचाल निर्देशांकाने समजते तो आकडा, बघितल्याशिवाय बीटा वाचूच नये. तो ०.९ च्या वर असेल तर ठीक. ०.५ असेल तर फंडाची अर्धी हालचाल निर्देशांकाने समजतच नाही, मग तो बीटा कशाचा?

निवांत_नाना

तुमचे अल्फा-बीटा चालू द्या. आमच्या ग्रॅच्युइटीचे पैसे आले त्या आठवड्यात बँकेतली मुलगी घरी आली. टॅबवर हिरवे आलेख दाखवले, ‘काका, अल्फा बघा किती’ म्हणाली. सह्या झाल्या. रेग्युलर प्लॅन म्हणजे ज्यातून विकणाऱ्याचं कमिशन जातं तो, हे मला नंतर भाच्याने सांगितलं. दरवर्षी एक टक्का जास्त कापला जात होता आणि कागदावर ते कुठे बारीक अक्षरात होतं ते मला भिंगाने शोधावं लागलं. पहिली चर्चा यावर करा.

विदर्भवासी

नाना, तुमच्याशी झालं ते वाईटच. पण त्यावरून सगळ्या वितरकांना चोर म्हणू नका. मी हेच काम करतो. आगाऊ कमिशन सेबीने २०१८ मध्येच बंद केलं, आता ट्रेलवर, म्हणजे पैसे फंडात असतील तोवर मिळणाऱ्या कमिशनवर, घर चालतं. २०२० मध्ये माझे ग्राहक रात्री अकराला फोन करायचे, ‘सगळं काढून टाका’ म्हणून. मी त्यांना थांबवलं. वितरकाशिवाय डायरेक्ट प्लॅन घेणाऱ्यांना कोण थांबवतं?

अवी_सातारा

एक टक्का म्हणजे काय ते सांगा ना ग्राहकाला. १० लाख वीस वर्षं १२ टक्क्यांनी साडेशहाण्णव लाख होतात, ११ ने साडेऐंशी लाख. रात्रीच्या फोनची किंमत सोळा लाख?

विदर्भवासी

आणि तळाला विकून बाहेर पडलेल्याचं किती होतं, तेही मांडा. तुमच्या शेजाऱ्याचं मांडा! एक्सेल सगळ्यांना येतं. घाबरलेल्या माणसासमोर तासभर बसून दाखवा, मग बोला.

निवांत_नाना

माझ्यासमोर कुणी बसलं नाही. ती मुलगी सहा महिन्यांत दुसऱ्या शाखेत गेली. नवा आला, तो जुना फंड विकून नवा घ्या म्हणाला.

मुलुंडकर

नाना, तुमचा राग रास्त आहे आणि तो या विषयाबाहेरचा नाही. अल्फा खर्च वजा करून काढतात. एकाच फंडाच्या डायरेक्ट आणि रेग्युलर प्लॅनमध्ये शेअर तेच, मॅनेजर तोच, तरी रेग्युलरचा अल्फा खर्चातल्या फरकाइतका कमी. म्हणजे दोन टक्के अल्फाच्या मागे धावणारा माणूस एक टक्का पहिल्या दिवशीच सोडतो, आणि तोही खात्रीचा.

विदर्भवासी, तुम्ही ग्राहकांना थांबवलंत हे खरं काम आहे. त्याची फी वेगळी, उघड घ्या.

विदर्भवासी

उघड फी? दोन हजारांचा चेक मागितला की लोक म्हणतात, विचार करून सांगतो. पुन्हा फोन येत नाही.

केतकी

हे दुर्दैवाने खरं आहे.

अवी_सातारा

ठीक, अल्फाबद्दल केतकीचं मानतो. ‘डोळे झाकून’ हे शब्द मागे घेतो, बीटा मात्र सोडणार नाही. गेल्या वर्षीच्या परताव्यापेक्षा तो कधीही बरा.

सुजाता_जी

ज्या ताईंचा उल्लेख झाला, ती मी. फंड बँकिंग सेक्टरचा आहे. अल्फा ४ च्या वर, बीटा ०.९ लिहिलंय. मुलगी यंदा अकरावीत, म्हणजे पुढच्या वर्षाअखेर पैसे लागतील. आधीचा फ्लेक्सीकॅप (लहान-मोठ्या सगळ्या कंपन्यांत गुंतवणारा फंड) विकून त्यात टाकणार होते. टाकू का?

केतकी

नको. बँका एकदम पडल्या तर बीटा काय होता हे कुणी विचारणार नाही, फी भरायची तारीख येईल.

अवी_सातारा

नको, ताई. दीड-दोन वर्षांत लागणारे पैसे इक्विटीत ठेवायचेच नाहीत. मी लिहिलं होतं ते लांबच्या पैशांसाठी, आणि हे तिथेच लिहायला हवं होतं असं मुलुंडकर म्हणतील, तर म्हणोत.

मुलुंडकर

म्हणतोच. सुजाताताई, फ्लेक्सीकॅपमधले काढून एफडीत किंवा लिक्विड फंडात ठेवा. वर्षाहून जुन्या युनिट्सवर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के. नफा जास्त असेल तर थोडे मार्चमध्ये आणि उरलेले एप्रिलमध्ये काढा. एसआयपीचे शेवटचे काही हप्ते वर्षाच्या आतले असतील, त्यांचा एक्झिट लोड, म्हणजे लवकर काढल्यास कापली जाणारी रक्कम, आधी तपासा.